४० टक्के म्हणजे किती वेळ?

आई स्वारगेटहून सांगलीच्या एसटीत बसली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. गाडी सुटता सुटता तिचा फोन आला. "अरे, चार्जिंग चाळीस टक्के दाखवतंय. पुरेल ना?"

मी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणालो, "भरपूर आहे गं."

"भरपूर म्हणजे किती?"

"अगं, चाळीस टक्के."

हे काही उत्तर नव्हतं. तिनेच दिलेला आकडा मी तिला परत दिला होता. पुढे कराडला गाडी थांबली तेव्हा तिने परत फोन केला, "बावीस राहिलंय." मी म्हणालो, आता दीड तासाचा तर प्रवास आहे, सीरियल बघू नकोस म्हणजे झालं. पेठ नाका यायच्या आतच फोन बंद पडला. शून्यावर येऊन नाही, अठराच्या आसपास असताना. गाडीला उशीर, रात्रीचे साडेदहा, मामा स्टँडवर कुठल्या बाजूला उभा आहे ते माहीत नाही आणि त्याचा नंबर फक्त त्या बंद फोनमध्ये. पाठ होता तो बाबांचा नंबर. कंडक्टरच्या मोबाइलवरून बाबांना फोन, बाबांचा मामाला, असं करत करत भेट झाली. एवढ्यावर निभावलं.

त्यात माझं दोनदा चुकलं होतं. एक म्हणजे तो फोन माझाच, तीन वर्षं वापरून तिला दिलेला. आणि दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनीअर असून मी तिला "टक्के" सांगत बसलो. तिचा प्रश्न "सांगलीपर्यंत पुरेल का" असा होता. फोनने त्याचं उत्तर द्यायला हवं होतं, पण फोन ते देत नाही. का देत नाही, द्यायचं म्हटलं तर काय अडतं आणि कसं दिलं पाहिजे, हे आज बघूया.

टक्के नक्की कशाचे?

हे समजायला धरणाचं उदाहरण सगळ्यात सोपं. उजनी धरणात एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी हा मृत साठा आणि त्याच्या वरचं ५३ टीएमसीच्या आसपास पाणी हा उपयुक्त साठा. पेपरात रोज येते ती टक्केवारी या उपयुक्त साठ्याची. म्हणूनच उन्हाळ्यात "उजनी उणे ३० टक्के" अशी बातमी येते आणि नवीन माणूस चक्रावतो की धरण उणे कसं असेल! शून्य म्हणजे धरण कोरडं नाही. शून्य म्हणजे माणसांनी ठरवलेली एक रेघ.

फोनच्या बॅटरीतही अशीच रेघ असते. लिथियम-आयन सेल अगदी तळापर्यंत उपसला तर तो कायमचा बिघडतो, म्हणून व्होल्टेज साधारण ३ ते ३.४ च्या दरम्यान आलं की फोन स्वतःला बंद करतो आणि त्या जागेला "० टक्के" म्हणतो. वरचं टोकही कंपनीच ठरवते. ४.२ व्होल्टला थांबायचं की ४.४५ पर्यंत जायचं, यावर "१०० टक्के" कुठे ते ठरतं. दोन्ही रेघा कंपनीने आखलेल्या, आपण त्यांच्यामधली जागा वाचतो.

त्यात धरणात गाळ साचतो तसं बॅटरीचंही होतं. दोनेक वर्षांनी तीच बॅटरी "१०० टक्के" भरली तरी आत पूर्वीइतका चार्ज मावत नाही. ॲपलच्याच म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवलेली आहे, आयफोन १५ पासून हा आकडा १००० चार्जिंगचा आहे. म्हणजे आईच्या फोनमधले ४० टक्के आणि माझ्या नव्या फोनमधले ४० टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

आत डोकावता येत नाही

धरणाच्या भिंतीवर पट्टी लावून पाणी मोजता येतं. बॅटरीत अशी पट्टी घालता येत नाही, त्यामुळे फोन अंदाज करतो. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत व्होल्टेजची. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे खालच्या नळाच्या धारेवरून ओळखावं तसं. अडचण अशी की लिथियम बॅटरीची धार मधल्या टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही. ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येईपर्यंत व्होल्टेज जेमतेम ०.३ व्होल्टने उतरतं. एवढ्याशा फरकात साठ टक्के मावलेले. वर घरातले सगळे नळ एकदम सोडले की धार बारीक होते, टाकी मात्र तेवढीच भरलेली असते. फोनमध्ये कॅमेरा उघडला, गेम लावला की हेच होतं.

दुसरी पद्धत मीटरची. बॅटरीतून जाणाऱ्या करंटच्या वाटेत काही मिलिओहमचा एक छोटासा रेझिस्टर असतो आणि "फ्युएल गेज" नावाची चिप आत किती चार्ज गेला, बाहेर किती आला याची जमा-खर्च वही लिहीत राहते. ही पद्धत चांगली आहे, पण वहीतली बारीक बारीक चूक रोज साठत जाते. म्हणून फोन निवांत पडलेला असताना, धार खरी दिसते तेव्हा, चिप व्होल्टेज बघून वही दुरुस्त करते. आजचे फोन या दोन्ही पद्धती मिसळून वापरतात.

आणि जो आकडा येतो तोही जसाच्या तसा तुम्हाला दाखवत नाहीत. चार्जर लावलेला नसताना ५१ वरून ५३ झालं तर तुम्ही म्हणाल फोन बिघडला, म्हणून सॉफ्टवेअर आकडा वर जाऊ देत नाही. एकदम ४ टक्के खाली यायचं असेल तर एकेक करत उतरवतं. चार्जर काढल्यावर बरेच फोन १०० वर थोडा वेळ रेंगाळतात, कारण काढल्या काढल्या ९९ दिसलं तर आपल्याला रुखरुख लागते. मी हे चूक म्हणत नाही, मीही असंच केलं असतं. फक्त कोपऱ्यातला तो आकडा संपादकाच्या हातातून गेलेला आहे, एवढं माहीत असावं.

मग १८ टक्क्यांवर फोन का बंद पडला?

याला कारण गाळ नाही, गंजलेला पाइप आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध, म्हणजे इंटर्नल रेझिस्टन्स वाढतो. अकरावीचा ओहमचा नियम आठवा. समजा १८ टक्क्यांना निवांत असताना व्होल्टेज ३.६५ आहे आणि फोनने एका क्षणासाठी २ अँपिअर मागितले. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम धरला तर ०.२ व्होल्ट पडतील, ३.४५ उरतील, फोन चालू. जुन्या बॅटरीचा रोध ०.३ ओहम झाला असेल तर ०.६ पडतील, ३.०५ उरतील. फोनच्या दृष्टीने धार तुटली, फोन बंद. टाकीत पाणी आहे, पण पाइपातून लागेल तेवढं येत नाही. थंडीत हा रोध आणखी वाढतो. डिसेंबरमध्ये गडावर पहाटे फोटो काढायला जावं आणि फोनने ३० टक्क्यांवर मान टाकावी, हा अनुभव ट्रेक करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आला असेल. खिशात गरम केला की तोच फोन परत सुरू होतो.

आईच्या बाबतीत रात्रीची वेळ, महामार्गावर रेंज कधी आहे कधी नाही, टॉवर शोधायला फोन जोर लावतोय आणि स्क्रीनवर सीरियल. (बघू नकोस सांगितलं होतं. असो.)

या भानगडीने एकदा मोठं रामायण घडवलं होतं. २०१६ मध्ये काही आयफोन ६एस चार्ज शिल्लक असताना अचानक बंद पडत होते. ॲपलने त्यातल्या काही फोनच्या बॅटऱ्या फुकट बदलून दिल्या आणि जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये एक उपाय घातला. बॅटरी जुनी असेल तर प्रोसेसरने एकदम जोर लावायचा नाही, म्हणजे फोन थोडा हळू चालेल पण बंद पडणार नाही. तांत्रिकदृष्ट्या उपाय योग्यच होता. पण फोन हळू का झाला हे वापरणाऱ्याला नीट कुणी सांगितलंच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गीकबेंचवाल्या जॉन पूलने वेगवेगळ्या आयओएसवरचे वेगाचे आकडे मांडून हे उघड केलं, मग गदारोळ झाला, ॲपलने माफी मागितली, ७९ डॉलरला बदलून मिळणारी बॅटरी २९ डॉलरला केली. पुढे फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोचा दंडही झाला, तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल.

त्यातून मार्च २०१८ ला आयओएस ११.३ मध्ये "बॅटरी हेल्थ" हे पान आलं. क्षमता किती उरली आणि ही बॅटरी क्षणाचा जोर सोसू शकते का, या दोन्ही गोष्टी त्यात वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. म्हणजे गाळ वेगळा आणि पाइप वेगळा. मला या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात चांगली निष्पत्ती वाटते. अँड्रॉइडवाल्यांकडे असं पान बराच काळ नव्हतं, आत्ता कुठे काही नव्या फोनमध्ये दिसायला लागलंय. आणि ज्यांना त्याची खरी गरज, म्हणजे घरात खाली सरकत आलेले जुने फोन वापरणारे आई-बाबा, त्यांच्या फोनमध्ये ते बहुतेक नसतंच.

टक्के सोडा, वेळ दाखवा की!

आता मूळ प्रश्न. धरणाच्या बातमीत टक्क्यांच्या खाली बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते: "हे पाणी ३१ जुलैपर्यंत पुरेल." मुंबईचं बघा. सात तलावांचा मिळून साठा १४.४७ लाख दशलक्ष लिटर आणि रोजचा पुरवठा ४००० दशलक्ष लिटरच्या थोडा आत. भागाकार करा. दहा टक्के साठा म्हणजे साधारण छत्तीस दिवस. बाष्पीभवन वगैरे सोडून द्या, हिशेब जमतो. का जमतो? कारण रोज किती सोडायचं हे महापालिकेच्या हातात आहे. काल तेवढं, आज तेवढं, उद्याही तेवढंच.

फोनमध्ये असा भागाकार करून बघू. ५००० एमएएचची बॅटरी ३.८५ व्होल्टने धरली तर साधारण १९ वॅट-अवर. त्याचे २० टक्के म्हणजे पावणेचार-चार वॅट-अवर. आता ढोबळ आकडे घ्या. मोठा गेम ४ वॅट खातो, म्हणजे जेमतेम तास. व्हिडिओ कॉल अडीच वॅट, म्हणजे दीड तास. खिशात पडून राहिला तर ०.०८ वॅट, म्हणजे दोन दिवस! तेच २० टक्के, पण उत्तर एक तास ते दोन दिवस यांच्यामध्ये कुठेही. महापालिकेला उद्या मुंबईकर आजच्या पन्नास पट पाणी वापरतील की काय असा प्रश्न पडत नाही. फोनला तो दर दहा मिनिटांनी पडतो.

मी हे स्वतः करून पाहिलंय. सांगलीच्या प्रकारानंतर एका शनिवार-रविवारी आईसाठी एक छोटं ॲप लिहायला घेतलं. मोठ्या अक्षरात फक्त "अमुक वाजेपर्यंत पुरेल" एवढंच दाखवायचं. अँड्रॉइड १२ पासून सिस्टिमकडेच हा अंदाज मागायची सोय आहे, पण माझ्या फोनवर ती मागितली की उत्तर रिकामं येत होतं. मग मीच हिशेब मांडला. गेल्या दहा मिनिटांत किती खर्च झाला ते बघायचं आणि त्याच गतीने पुढे मोजायचं. टेबलावर पडलेला फोन म्हणाला ११ तास. व्हिडिओ कॉल लावला, २ तास ४० मिनिटं. कॉल ठेवला, ९ तास. दोन दिवसांत माझाच त्यावरचा विश्वास उडाला. मग गती दहा मिनिटांऐवजी तीन तासांच्या सरासरीवर मोजली. आता आकडा शांत झाला, पण इतका शांत की गेम सुरू होऊन अर्धा तास झाला तरी फोन "६ तास" म्हणत बसला होता, आणि नंतर धाडकन खाली आला. लवकर प्रतिक्रिया द्यायची तर आकडा नाचतो, स्थिर ठेवायचा तर तो उशिरा कळतो. दोन्ही एकत्र मिळत नाही.

ॲपलही इथेच ठेचकाळलं. २०१६ च्या नव्या मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी सांगितली तितकी टिकत नाही अशी ओरड झाली आणि डिसेंबर २०१६ च्या मॅकओएस १०.१२.२ मध्ये कंपनीने वरच्या पट्टीतला "एवढे तास शिल्लक" हा आकडाच काढून टाकला. टक्के बरोबर आहेत, पण लोक लॅपटॉप इतका कमी-जास्त वापरतात की वेळेचा अंदाज त्यामागे धावू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर लोक हसले. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणं असं मीही तेव्हा म्हटलं होतं. ते ॲप लिहिल्यापासून तितकं हसू येत नाही. गंमत म्हणजे ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये तो अंदाज तसाच ठेवला होता. खोल गेलात तर दिसेल, समोर नाही.

अँड्रॉइडने वेगळी वाट घेतली, आणि मला ती जास्त पटते. २०१८ च्या अँड्रॉइड पायपासून बॅटरीच्या पानावर अमुक वाजेपर्यंत टिकेल अशा अर्थाची ओळ यायला लागली, आणि तुमचा रोजचा वापर कसा आहे ते शिकून त्यावर अंदाज बांधला जाऊ लागला. अँड्रॉइडचा कोड सगळ्यांना खुला असल्याने तो अंदाज दाखवताना काय काय काळजी घेतलीय ते वाचता येतं, आणि वाचण्यासारखं आहे. वेळ पंधरा मिनिटांच्या टप्प्यात पूर्णांक करतात, म्हणजे ९:३७ न म्हणता ९:३०. दोन दिवसांच्या वर असेल तर आकडाच देत नाहीत, "दोन दिवसांहून जास्त" म्हणतात. पंधरा मिनिटांच्या आत आलं की "पंधरा मिनिटांपेक्षा कमी". आणि सात मिनिटांच्या आत आलं की आकडा पूर्ण बंद, फक्त फोन लवकरच बंद पडू शकतो अशी सूचना.

यातली पहिली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. "३ तास १२ मिनिटं" असं लिहिलं की वाटतं कुणीतरी मोजलंय. "साधारण साडेनऊपर्यंत" म्हटलं की अंदाज आहे हे त्या शब्दांतच कळतं. शिवाय घड्याळातली वेळ सांगितली की पुढचं गणित आपोआप होतं. आपला दिवस घड्याळावर चालतो, गाडी साडेदहाला पोचते, क्लास आठला सुटतो. "साडेनऊपर्यंत" ऐकलं असतं तर आईने सीरियल स्वतःच बंद केली असती, मला विचारावंही लागलं नसतं.

युरोपियन युनियनने तर हे फोनच्या खोक्यावर आणलं. २० जून २०२५ पासून तिथे विकायच्या फोनच्या लेबलवर एका चार्जिंगमध्ये फोन किती टिकतो हे तास आणि मिनिटांत छापावं लागतं, सगळ्यांसाठी एकच ठरलेली चाचणी करून. आपण अजून "६००० एमएएच!" वाचून फोन घेतो. तो टाकीचा आकार झाला. घरात माणसं किती आणि नळ गळतात का, ते त्यातून कळत नाही.

माझ्या हातात असतं तर

कोपऱ्यातले टक्के मी काढणार नाही. ते स्थिर असतात आणि "आत किती आहे" एवढंच सांगतात. पण बॅटरी ३० च्या खाली गेली की त्यांच्या शेजारी एकाऐवजी दोन वेळा दाखवीन. "असंच चालू ठेवलं तर ७:४५. खिशात ठेवला तर उद्या सकाळ." मघाचा एक तास ते दोन दिवस हा पसारा लपवायचा कशाला? तोच तर उपयोगाचा आहे. आपण आत्ता काय करतोय त्याची किंमत त्यात दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईत आधी ५ आणि मग १० टक्के पाणीकपात झाली, तशी कपात फोनमध्येही असते, लो पॉवर मोड. पण ती लावल्याने मला किती मिळणार हे बटण दाबण्याआधी दिसलं तर पाहिजे. काही फोन बॅटरी सेव्हरच्या पानावर हे दाखवतातही. बाकीच्यांनी का दाखवू नये?

चूक करायचीच तर कमी सांगण्याच्या बाजूने करीन. साडेनऊ सांगून दहाला बंद पडला तर कुणी तक्रार करत नाही. उलटं झालं तर मामा स्टँडवर आणि आई अंधारात.

आणि बॅटरीचा पाइप गंजलेला असेल तर तेही तिथल्या तिथे सांगीन. सेटिंग्जच्या चौथ्या पानावर नाही. "ही बॅटरी जुनी आहे, २० टक्क्यांखाली भरवसा नाही." चिपला हे ठाऊक असतं, ती तो रोध मोजू शकते. शून्याची रेघ जुन्या बॅटरीसाठी वर सरकवली पाहिजे, म्हणजे जिथे फोन खरंच बंद पडतो तिथे "०" दिसेल. आईच्या फोनने कराडला २२ ऐवजी ४ दाखवलं असतं तर मी "चालेल" म्हणालोच नसतो.

चित्रानेही गोंधळ होतो बरं का. २०१७ च्या आयफोन एक्सला वर खाच आली, जागा पुरेना, म्हणून टक्क्यांचा आकडा पट्टीतून गेला. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२२ च्या आयओएस १६ मध्ये तो बॅटरीच्या चित्राच्या आत परत आला, पण चित्र मात्र पूर्ण भरलेलंच राहायचं! आकडा ४०, चित्र म्हणतंय शंभर. नजर आधी चित्रावर जाते, आकडा नंतर वाचला जातो. पुढच्याच १६.१ मध्ये चित्र आकड्याप्रमाणे उतरायला लागलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीकडून हे सुटतं, यावरून कळतं की हा कोपरा दिसतो तितका सोपा नाही.

लाल रंगाचाही विचार करायला हवा. २०१६ मध्ये उबरच्या आर्थिक संशोधन विभागाचा प्रमुख कीथ चेन एका रेडिओ कार्यक्रमात म्हणाला होता की फोनची बॅटरी संपत आलेली असली तर माणूस वाढीव भाडं कबूल करायची शक्यता जास्त दिसते. दर ठरवताना आम्ही ही माहिती वापरत नाही, असंही त्याने सांगितलं. पण घाबरलेला माणूस घाईत "हो" म्हणतो, हे खरंच. तेव्हा नुसता लाल रंग दाखवून घाबरवण्यापेक्षा "अजून ४० मिनिटं बोलता येईल" असं सांगितलेलं कधीही बरं.

तोपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते करून ठेवा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा, बऱ्याच फोनवर किती वेळ टिकेल ते तिथे लिहिलेलं असतं. आयफोनवर बॅटरीच्या पानातच बॅटरी हेल्थ आहे, क्षमता ८० च्या खाली गेली असेल तर टक्क्यांवर विसंबू नका. हेल्थचं पान नसेल तर साधी ओळखीची खूण सांगतो. २० ते ३० टक्क्यांच्या मध्ये असताना कॅमेरा उघडून व्हिडिओ सुरू करा. आकडा धाडकन उतरला किंवा फोन बंद पडला तर दोष चार्जरचा नाही, बॅटरीच बदलायला आलीय.

आईच्या फोनची बॅटरी मी त्याच आठवड्यात बदलून आणली. माझं ॲप काही पूर्ण झालं नाही. तिच्या फोनच्या कव्हरमध्ये आता एका चिठ्ठीवर मामाचा, बाबांचा आणि माझा नंबर लिहून ठेवलाय. परवा ती परत सांगलीला निघाली तेव्हा स्टँडवरून फोन आला, "पासष्ट आहे." मी तिला बॅटरीचं पान उघडून वाचायला लावलं. "साधारण एक वाजेपर्यंत, असं काहीतरी लिहिलंय," ती म्हणाली. "दुपारच्या का रात्रीच्या?"